डॉक्टरांनीच नको म्हटलं
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मक्याच्या सालीत उकडलेल्या तमालेंचा वास आला की नव्वदच्या दशकातलं, अमेरिकेतल्या फ्रीमाँटचं डायलिसिस सेंटर आठवतं. दादाला किडनी द्यायला आधी हो म्हणून मी नंतर घाबरलो आणि तसं डॉक्टरांना एकट्याने जाऊन सांगितलं. कारण गुप्त ठेवायच्या तिथल्या रीतीप्रमाणे त्यांनी घरी ‘हा डोनर चालणार नाही’ एवढंच कळवलं. दादाच्या शेजारच्या खुर्चीतले मेक्सिकन गृहस्थ बहिणीकडे किडनी मागायला संकोचत होते. दादा त्यांना म्हणाला, “अहो, विचारून तर बघा. माझा भाऊ न मागता तयार झाला, डॉक्टरांनीच नको म्हटलं.” त्यांनी विचारलं, बहिणीने दिलीही. बरी झाल्यावर ती गरम तमालेंचा डबा घेऊन आमच्याकडे आली. “खा रे,” दादा म्हणाला, “तुझ्यामुळेच आलेत.” मी खाल्ले. दादा पुढच्या वर्षी गेला. वहिनीला खरं सांगणं अजून राहिलंय.