महागावच्या पाकिटावरचं नाव

आमच्या वेबसाइटला काकूंचं माहेरचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. ज्या पत्त्यावर ते नाव आज आहे तिथे कुणी जाऊ नये असं मला वाटतं.

मी रत्नागिरीकडची. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे कळंबला आले. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. काकू आमच्या घरमालकीण. तहसीलमधून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यावर रडताना पाहिलं. म्हणाल्या, "चाल वर. मुगाची डाळ भिजली हाये, वड्या घालू लाग मले." दुपारभर आम्ही गच्चीवर धोतराच्या जुन्या पानावर वड्या घातल्या. माझ्या मोठ्या झाल्या. "ह्या का वड्या हायेत वं? गवऱ्या हायेत गवऱ्या," त्या म्हणाल्या, आणि मी इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मूगवड्या, काडीवर वळलेले सरगुंडे, कुरोड्या. आधी शेजारीपाजारी गेलं, मग नवऱ्याच्या ओळखीत. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या ताई म्हणाल्या, वेबसाइट काढा. मी घाबरले, काकू नाही. नाव काय ठेवायचं म्हटल्यावर मात्र त्या सुपारी कातरत बसल्या.

मग बोलल्या, "माह्यं माहेरचं दे."

लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांचं व्हायचं तसं. "कोणी इचारलंबी नाही मले. मंग ताट हालवलं, तांदूळ डब्यात गेले, अन् थे नवं नाव रिटायर होईपर्यंत मस्टरवर राह्यलं. जुनं कुठी गेलं, कोणाले ठाऊक?"

नाव ठरलं. सेंटरमध्ये फॉर्म भरताना ताईंनी विचारलं, फोन नंबर कुणाचा, ईमेल कुणाचा? मी क्षणभरही विचार न करता काकूंचा दिला. लग्नपत्रिकेत नाही का, घरातल्या मोठ्यांचं नाव सगळ्यात वर घालतात? माझा नंबर घालणं मला उद्धटपणाचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. आठवी शिकलेल्या बाईच्या नंबरावर एवढं मोठं काही उभं राहील, यावर माझाच विश्वास नव्हता. मग ओटीपी आला की काकू जिन्यातून आकडे ओरडायच्या, "चार! सात! पुन्हा सात! लिवलं का वं?" अख्ख्या गल्लीला आमचा ओटीपी माहीत असायचा.

दोन वर्षांनी काकू गेल्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. त्यांचा मुलगा नागपूरहून आला. सज्जन माणूस. मला म्हणाला, "वहिनी, खोली सोडू नका. वड्या सुरू ठेवा, आईला आवडायचं." मी त्याच्या पायाच पडणार होते. सगळं नीट आवरून तो गेला. जाण्याआधी आईचा फोन बंद केला, सिम परत केलं. जे करायला हवं तेच त्यानं केलं.

वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आल्याचे निरोप त्या फोनवर येत राहिले असतील. कुणाच्याच हातात नसलेल्या फोनवर. मला हे ठाऊकच नव्हतं की असल्या नावाला मुदत असते. नाव एकदा ठेवलं की राहतं, असंच मी समजत होते.

एका सकाळी पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या साइटवर पत्त्यांचा जुगार दिसतोय. हे काय?"

मी तशीच सेंटरला गेले, पिठाच्या हातांनी. ताईंनी पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा वहिनी. नाव गेलं. तीन वर्षांची मुदत संपली, दुसऱ्या कोणी घेतलं."

"परत मागता येईल ना? चुकून झालं म्हणून सांगू."

"कोणाले सांगान? थे आता त्याईचं झालं." मग म्हणाल्या, "हेच नाव ठेवून मागचं शेपूट, थे डॉट कॉम, बदलता येते. पण लोक सवयीनं जुनंच टाकतीन, अन् जुगारात जातीन."

स्क्रीनवर काकूंचं नाव मोठ्या सोनेरी अक्षरांत होतं आणि खाली पत्ते फिरत होते. मी नवीन नाव घ्या म्हटलं.

मुलाला सांगायला दोन दिवस लागले. शब्द जुळवत, घाम पुसत फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, एवढं काय वहिनी? दुसरं ठेवा की छान. ते नाव होतं तरी कोणाचं? मला वाटायचं तुमच्याकडचंच कुणाचं असेल."

मी सांगितलं कोणाचं ते. त्यानं ते नाव मला पुन्हा एकदा घ्यायला लावलं.

नवीन नावात मूगवडी आहे, माणूस कुणी नाही. या वेळी नंबर माझा घातला. नवी पाकिटं छापली, सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला की आमचं नाव बदललंय, पत्ता बदललाय. उत्तरं आली ती अभिनंदनाची. मोबाइलवर फुलं, टाळ्या, मिठाईचे डबे. एकेकीला मी धन्यवाद लिहीत बसले.

मग महागावहून फोन आला. तिथून दर महिन्याला पावशेर मूगवड्यांची ऑर्डर यायची, कुणा सुनेच्या नावानं. आवाज मात्र म्हातारा होता.

"वड्यावाली बोलून राह्यली का तू? मी तिची मोठी बहीण."

कोणाची, हे विचारावं लागलं नाही. आवाज तोच होता, नुसता अजून वाळलेला.

"वड्या तं मी घरीबी घालतो, बाई. मी खायले मागवतच नव्हतो. थो पार्सलवाला दारातून तिचं नाव घेऊन आवाज द्यायचा. आमच्या मायनं ठेवलेलं नाव. माह्याशिवाय कोणी घेत नव्हतं थे. आता काय छापलं पाकिटावर? मूगवडी! तिले का मी मूगवडी म्हणू?"

मला हसू आलं आणि तोंडातून खोटं निघून गेलं. "आजी, सरकारी नियम बदलला. सगळ्यांनाच बदलावं लागलं."

"असं का?" त्या म्हणाल्या. "नियमच असंन तं काय करते तू, लेकी. तुह्या हातात काय हाये?"

ते सगळं माझ्याच हातात होतं, आजी. एक नंबर लिहायचा होता.

हे मी बोलले नाही. पुढच्या महिन्यात त्यांचं पाकीट भरलं तेव्हा छापील नावाखाली पेनानं काकूंचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, पार्सलवाल्याला वाचता येईल असं. त्याच्या पुढच्या महिन्यातही लिहिलं.

या महिन्यात महागावची ऑर्डर आली नाही. नंबर आहे माझ्याकडे. पाकीट भरून, नाव लिहून ठेवलंय. फोन लावला तर कोण उचलेल, आणि त्यांनीच उचलला तर आधी काय सांगू, या दोन्हींची भीती वाटते. रोज सकाळी ते पाकीट टेबलावरून उचलते, पुसते आणि परत ठेवते.