आतली कडी

लालबागच्या त्या चाळीत मी बालकल्याण समितीतर्फे चौकशीला गेले होते. आई वारलेली आठ वर्षांची मुलगी मामाकडेच सांभाळायला ठेवावी का, हे पाहायचं होतं. मामा खुनाची शिक्षा भोगून आलेला.

खोलीचं दार सताड उघडं होतं, तरी तो बाहेर गॅलरीत उभा होता, हात मागे बांधून, नजर उंबऱ्यावर. "ये मामा," मुलगी आतून म्हणाली, तेव्हा कुठे तो आत आला. मग दूध आणायला खाली गेला आणि परतल्यावर पुन्हा तसाच थांबला. स्वतःच्याच घराबाहेर.

त्याने चहा दिला तेव्हा मी विचारलं, "रात्री कुठे झोपता?"

"गॅलरीत. ती आतून कडी लावते. तो आवाज आला की मला झोप लागते." मग म्हणाला, "दार तिच्या हातात बरं, मॅडम. माझ्या नको."

मुलगी खुशाल चित्र रंगवत बसली होती. तिला त्याची भीती नव्हती. त्याला स्वतःची होती.

मी होकार कळवला. पण अजूनही घरी कडी लावताना माझा हात अडखळतो. दाराबाहेर कुणीतरी तो आवाज ऐकायला थांबलंय, असं वाटतं.