कप भरला काय?

आपाच्या घरातून कुणी उपाशी उठलेलं मी पाहिलं नाही. विजेचं मीटर बघायला येणारा आमच्या गल्लीत मुद्दाम जेवणाच्या वेळेला यायचा. आधी ताट, मग मीटर.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक बुटका दगडी गडगा. रोज दुपारी त्यावरून आवाज यायचा, "शेवंते, खाल्लंस काय गो?" खाल्लं म्हटल्यावर सुटका नसे. "काय खाल्लंस?" मी फटकळ. एकदा म्हटलं, "आपा, तू माणसं मारशील खायला घालून." "भुकेनं मरण्यापेक्षा बरां," म्हणाली आणि सांदण पुढे केलं.

नवरा गेल्यावर ती एकटीच जेवायची. ते तिला जमत नसे. म्हणून आखातात नोकरी करणाऱ्या सलीमने, तिच्या मुलाने, तिला काचेची टाकी आणून दिली. खाऱ्या पाण्याची. त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. गल्ली हसली. समुद्र दारात असताना हा घरात कशाला, म्हणून.

दिवसातून एकदा चिमूटभर दाणे घाल, असं सलीम सांगून गेला. आपा स्वतः जेवायला बसली की त्यांना घालायची. चहा प्यायली तरी घालायची. वर सुक्या जवळ्याचा चुरा. "मी खाईन नि ते बघत बसतील?" हा तिचा हिशेब.

पाणी पिवळं पडलं. काचेवर हिरवं शेवाळ चढलं, दगड बुळबुळीत झाले. एक मासा मेला. तो तिने माडाच्या मुळाशी पुरला आणि उरलेल्याला दुप्पट घालू लागली.

सलीम रजेवर आला. त्याने काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, तर ते लालभडक झालं. "अम्मा, उरलेलं खाणं पाण्यात कुजतंय. त्यावरच हे शेवाळ पोसतंय. हात आखड, नायतर हा पण मरेल. त्यापेक्षा मी दुकानात परत देतो."

त्या रात्री आपा जेवली नाही. असं कधी झालं नव्हतं. सकाळी म्हणाली, "हात आखडायला मला जमणार नाय. तू यंत्र मोठां लाव."

सलीम चिडला, पण कामाला लागला. जुना फिल्टर म्हणजे मागे अडकवलेली स्पंजची डबी. त्यात घाण अडकायची आणि तिथेच कुजायची. ती त्याने काढली. टेबलाखाली दुसरी टाकी ठेवली, वरचं पाणी तिच्यात उतरवलं आणि पंपाने परत वर चढवलं. खालच्या टाकीत दिवा लावून शेवाळाचा एक झुपका वाढवला. वरचं शेवाळ उपाशी मारायला खाली शेवाळ पाळलं, हे मला आवडलं. शेजारी एक उभं यंत्र बसवलं, स्किमर. त्यात हवेचे बारीक बुडबुडे सुटतात, पेज उतू जाते तसा फेस वर चढतो आणि माथ्यावरच्या कपात पडतो. पाण्यातली घाण कुजण्याआधीच बाहेर.

हळूहळू काच स्वच्छ झाली. मासा जगला. रोज सकाळी आपा तो कप माडाखाली ओतायची. चहाच्या रंगाचं, घाण वासाचं पाणी. आधी मला गडग्यावरून दाखवायची, "बघ, किती जेवला!"

पुढे तिला दिसेनासं झालं. सलीम तिला आखातात आपल्याकडे घेऊन गेला. जाताना टाकी माझ्या पडवीत मांडून दिली. "मी मासे खाते, पाळत नाही," मी सांगितलं. "मग ह्याला खाऊ नको," एवढंच बोलली आणि गाडीत बसली.

मी सलीमने सांगितलं तेवढंच घालते. एक चिमूट. पाणी असं नितळ की मासा हवेत उभा वाटतो.

शुक्रवारी तिचा फोन येतो. आधी "खाल्लंस काय गो?" मग, "कप भरला काय?"

"कोरडा आहे."

"म्हणजे उपाशी ठेवलंस त्याला."

"तुझ्याच मुलाने सांगितलंय."

"त्याचां काय ऐकतंस!" मग फोन ठेवतही नाही, बोलतही नाही. दर शुक्रवारी हेच.

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणून हल्ली दोन चिमटी घालते.