हिरवं बटण

ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर माझं नाव आलं. पुढे लिहिलं होतं, संडास-बाथरूम, सगळे मजले, कायम. आणि हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या नव्या ॲपसाठी होत्या. अंधेरीतल्या त्या ऑफिसात मी साफसफाईची सुपरवायझर. नवे साहेब आले होते, म्हणे कंपनीचा कारभार बदलायला. आजपासून कामं ॲप वाटणार, सुपरवायझर हे पदच राहणार नाही, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. वर म्हणाले, सिस्टीमला जातपात कळत नाही, ती फक्त मागचं काम बघते.

मागचं काम! मी नवी होते तेव्हा कंत्राटदाराने आडनाव विचारलं आणि हातात संडासाचा ब्रश दिला. पॅन्ट्रीत, चहा-जेवणाच्या खोलीत, पाऊल टाकू दिलं नाही, कित्येक वर्षं. त्याचंच जुनं रेकॉर्ड ॲपमध्ये भरलं होतं.

सुपरवायझर झाल्या झाल्या मी नंबर लावले. दर आठवड्याला संडास वेगळ्या बाईकडे, त्यात मीसुद्धा. कोकणातली शैला पहिल्या दिवशी रडली होती. घरी कळलं तर काय, म्हणून. मग तीही करू लागली. हे सगळं सकाळच्या चहावर तोंडी ठरायचं. ॲपमध्ये कुठून येणार?

आता शैलाच्या नावापुढे पॅन्ट्री होती. तिने मान खाली घातली. तिचा मला राग आला. अजून येतो.

साहेबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. हिरवं बटण दाबलं की काम कबूल.

"साहेब, या आठवड्यात नंबर शैलाचा आहे," मी म्हटलं.

"ताई, मी कुठे ठरवलंय? सिस्टीम ठरवते ना."

"मग तुम्ही कशाला आहात?"

साहेब घड्याळ बघायला लागले. मोबाईल त्यांच्याच हातात राहिला.

घाटकोपरला घरी दोन मुली आहेत, नोकरी जाऊ शकते, हे तेव्हाही डोक्यात होतं. आजही आहे. रोज सकाळी माझा मोबाईल वाजतो, तेच काम येतं. मी बटण दाबत नाही. ज्याला मला कायमचा ब्रश द्यायचाय त्याने माझ्यासमोर उभं राहावं, माझं आडनाव घ्यावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं. मी त्याच्या तोंडावर नाही म्हणेन.