क्रूसेडवाल्यांच्या बायका

जयपूरच्या मुलींच्या कॉलेजात मध्ययुगीन युरोपचा पेपर मी इतकी वर्षं शिकवला की क्रूसेड हा शब्द ऐकला तरी मला अजून जांभई येते. पहिलं क्रूसेड, दुसरं क्रूसेड, तिसरं क्रूसेड. कारणं आणि परिणाम. कारणांत धर्मयुद्धाला निघा असं पोपचं आवाहन, जेरुसलेम, पापं धुतली जाण्याचं आश्वासन. परिणामांत व्यापार वाढला, सरंजामदार खचले, युरोपला साखरेची चटक लागली. मुली ते उतरवून घेत, परीक्षेत जसंच्या तसं ओकत, आणि जुलै उजाडला की मी नव्या मुलींसमोर पुन्हा पहिल्या क्रूसेडला निघे. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा वाटलं होतं, राजस्थानात राहून राजस्थानचा इतिहास शिकवायला मिळेल. पण तो पेपर सीनिअर बाईंनी धरून ठेवलेला. नव्या माणसाच्या गळ्यात युरोप.

आमचे हे इथल्या सरकारी इस्पितळात सर्जन. सकाळी जात ते दिवेलागणीला परत येत, आणि आल्यावर खुर्चीत असे काही बसत की चहाचा कपसुद्धा हातात द्यावा लागे. मुलगी तेव्हा दुसरीत. शाळेत हिंदी, शेजारी हिंदी, त्यामुळे तिचं मराठी ऐकून साताऱ्याची मंडळी पोट धरून हसत. आमच्यात भांडणं फारशी होत नसत. लोकांना त्याचं कौतुक वाटे, पण खरं सांगायचं तर भांडायला दोघांच्याही अंगात त्राण नसे.

बासष्ट साली थंडीच्या तोंडाला चीनचं युद्ध सुरू झालं आणि आमच्या स्टाफरूममध्ये खाकी लोकरीचे गुंडे येऊन पडले. जवानांसाठी स्वेटर. ज्या बाईला मोकळा तास, तिने विणायचं. मला विणकामात कधी गती नव्हती. मी केलेली बाही एवढी रुंद झाली की संस्कृतच्या बाई म्हणाल्या, ही बहुतेक तोफेला घालायची असेल. मी ती उसवली आणि पुन्हा विणायला घेतली. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात वर्गात क्रूसेड चालू होतं. मागच्या बाकावर एक ठाकुरांची मुलगी बसे. वडील फौजेत, दोन्ही भाऊ फौजेत. जुलैपासून तिने तोंड उघडल्याचं मला आठवत नव्हतं. मी नेहमीसारखं सांगत होते, की माणसं शपथ घेत, खांद्यावर कापडी क्रूस शिवून घेत आणि दोन-दोन तीन-तीन वर्षांसाठी घर सोडून निघत. ती उभी राहिली. म्हणाली, "मैडम, ये सब चले जाते थे तो इनकी बीवियाँ? उनसे कोई पूछता था?"

मुली खुदकन हसल्या. मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. उत्तर येत नसलं की आम्ही शिक्षक हेच म्हणतो, आणि पुढच्या तासापर्यंत मुली विसरलेल्या असतात. पण ही विसरणारी दिसत नव्हती, आणि का कोण जाणे, मलाही चैन पडेना. विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावलेला नव्हता. धूळ झटकता झटकता शिंका येऊन जीव हैराण झाला.

आणि त्यात सापडलं. पूर्वी चर्चचा कायदाच होता. लग्न झालेल्या माणसाने क्रूसेडची शपथ घ्यायची तर बायकोची संमती हवी. लग्नाने नवरा-बायकोचा एकमेकांच्या सहवासावर हक्क झाला, तो एकट्याने परस्पर सोडता येत नाही. बायको नाही म्हणाली तर याने घरी बसायचं. किंवा तिला घेऊन जायचं. पुढे जेरुसलेम हातचं गेलं, माणसं कमी पडायला लागली, आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एका पोपने ही अटच काढून टाकली. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वीवरचा राजा सैन्य बोलावतो तेव्हा बायकांना विचारतो का? मग स्वर्गातल्या राजाने का विचारावं?

मी व्हरांड्यात उन्हाला पाठ करून वाचत बसले होते. कित्येक वर्षांनी इतिहास वाचताना मजा आली. वाटलं, हे आल्यावर यांना सांगावं. पण हे आले, दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी प्राचार्या बाईंनी मला अचानक स्टेजवर बोलावलं. मला वाटलं, स्वेटरवरून बोलणी बसतात. तर त्यांनी झेंडूची माळ काढून माझ्या गळ्यात घातली आणि माइकवरून सांगितलं की आपल्या इतिहासाच्या मॅडमचे पती, एवढे मोठे सर्जन, फौजेत जायला स्वतःहून तयार झाले आहेत, आणि या त्यागात मॅडमचा अर्धा वाटा आहे. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्या बाईंचा भाऊ ह्यांच्याच इस्पितळात होता, त्याच्याकडून त्यांना कळलं होतं. मला कुणाकडूनच कळलं नव्हतं. मी हात जोडले, हसले, खाली उतरले. अंगाचा नुसता तिळपापड होत होता आणि गळ्यात झेंडू.

संध्याकाळी हे आले तेव्हा माळ मी मुद्दाम टेबलावर ठेवली होती. त्यांनी बघितली आणि समजले.

"सांगणारच होतो," हे म्हणाले.

"कधी? स्टेशनवरून?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित. म्हणून विचारायचंच नाही?"

"अगं, फौजेत कुणी बायकोला विचारून जातं का?"

हुबेहूब पोप. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही फुटलं. मी म्हटलं, "जायचं तर जा. मी अडवणारी कोण? पण मला विचारायला हवं होतंत. एकदा तरी." मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "बाबा मतलब फौजी होणार?" आणि त्यांनी तिला उचलून घेतलं. माझं बोलणं तिथेच राहिलं.

पुढच्या तासाला मी वर्गात तो कायदा सांगितला, पोपचा निर्णयही सांगितला. मागच्या बाकावरची ती मुलगी पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "मेरी माँ से पूछते तो वो मना कर देती. इसीलिए नहीं पूछते." या वेळी कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि पाचव्या क्रूसेडची कारणं लिहायला घेतली.

युद्ध लगेच थांबलं, पण हे गेले ते गेलेच. आसामकडच्या एका फौजी इस्पितळात दोन वर्षं काढली. त्या दोन वर्षांत मी घर, कॉलेज, मुलीच्या कांजिण्या, घरमालकाची कटकट, सगळं एकटीने ओढलं. नाकी नऊ आले. लोक भेटले की छाती फुगवून विचारत, डॉक्टरसाहेब कैसे हैं? मी म्हणे, ठीक हैं. हे परत आले तेव्हा अर्धे झाले होते आणि पूर्वीपेक्षाही कमी बोलत. बर्फाने काळी पडलेली बोटं कापावी लागत, एवढं एकदाच त्यांच्या तोंडून निघालं.

पासष्टच्या सप्टेंबरात पुन्हा युद्ध पेटलं, या वेळी आमच्याच सरहद्दीवर. ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद. सीमेजवळच्या इस्पितळांत सर्जन हवेत असा निरोप फिरला. रविवार होता. मी गवार निवडत होते. हे समोर येऊन बसले, ताटातल्या शेंगा चाळवत राहिले आणि म्हणाले, "मला जावंसं वाटतंय. तुला विचारतो. जाऊ का?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती. मनाशी कितीदा घोकलं होतं, की यांनी नुसतं विचारलं तरी पुरे, मी आनंदाने जा म्हणेन. आणि तोंडातून निघालं, "नाही."

हे "बरं" म्हणाले आणि इस्पितळात निघून गेले. रागावले नाहीत, आदळआपट नाही. मला एवढं हलकं वाटलं की मी भाजीत मीठ घालायलाच विसरले.

युद्ध महिन्याच्या आतच आटोपलं. त्यांच्याबरोबरचे दोन डॉक्टर गेले होते ते जोधपूरकडून परत आले, त्यांचे सत्कार झाले. तिसऱ्या क्रूसेडच्या वेळी घरी राहिलेल्या पुरुषांना लोक, बांगड्या भरा म्हणावं तशी, लोकर आणि सूत कातायची चाती पाठवून देत, असं मी दरवर्षी वर्गात सांगत असे. ह्यांना कुणी काही पाठवलं नाही. फक्त विचारत. "आप नहीं गए इस बार?" आणि हे प्रत्येकाला तेच सांगत: "घरवाली से पूछा, उसने मना किया." त्यात टोमणा नव्हता, थट्टा नव्हती. जे झालं ते सांगत. बायका माझ्याकडे वळून हसत. एका मेजरच्या बायकोने माझा हात दाबला आणि म्हणाली, आपकी तो चलती है. मी कपात साखर ढवळत राहिले.

असं ते वर्षभर चाललं. एका लग्नातून परत येत होतो, सायकलरिक्षात शेजारी शेजारी बसून. तिथेही तोच प्रश्न आणि तेच उत्तर झालं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "दर वेळी माझं नाव कशाला पुढे करता? आम्ही दोघांनी ठरवलं म्हणून सांगा ना."

"दोघांनी कुठे ठरवलं?" हे म्हणाले. "विचारा म्हणालीस, विचारलं. तू उत्तर दिलंस. आता ते माझं म्हणून सांगू?"

"मला वाटलं होतं, विचारलंत की ते दोघांचं होईल."

रिक्षावाला चढावर खाली उतरून रिक्षा ओढायला लागला होता. हे बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत होते.

"मलाही तसंच वाटलं होतं," हे म्हणाले.

त्यानंतर कुणी विचारलं की हे नुसतं "नहीं गया" म्हणत आणि विषय बदलत. माझं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. ते दोनच शब्द ऐकायला मला जास्त जड गेलं.