शांतानं ऐकलेले बुलबुल

काल लेकीनं माझ्या कानात मशीन बसवलं. फौंड्रीत तीस वर्षं ग्राइंडर चालवून कान जवळच्या बोलण्यापुरतेच उरले होते, पण ते मी कुणापुढं कबूल केलं नव्हतं, बायकोपुढंसुद्धा.

आज सकाळी घरामागच्या परड्यात मांजर शिरलं आणि मेंदीच्या झुडपावर बुलबुलाची जोडी ओरडायला लागली. एवढासा पक्षी, पण केवढा आकांत! चहाची कपबशी माझ्या हातातच राहिली.

बारा वर्षांमागं माझी शांता मागच्या दाराशी खाटेवर पडून होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ह्याच मेंदीतलं घरटं मी बघायचो आणि तिला सांगायचो. "पिल्लं उडाली की मीबी उठतो बघा," म्हणायची. त्या एका बोलण्यावर मी जीव टांगून बसलो होतो.

एका सकाळी बघतो तर घरटं रिकामं, खाली नुसती पिसं. वर तारेवर ती जोडी चोची उघडत-मिटत बसलेली.

"अवो, काय झालं?"

"उडाली की! तिन्ही उडाली," मी ठणकावून सांगितलं.

 माझा हात धरून ती म्हणाली, "व्हय, मीबी ऐकलं."

मला वाटलं, पटलं तिला. चौथ्या दिवशी ती गेली.

काय ऐकलं होतं तिनं, ते आज कळलं. कपबशी तिथंच टाकली आणि काठी घेऊन त्या मांजरामागं धावलो.