परकराची नाडी

कपाट उघडले की डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास अंगावर येतो, आणि मन अस्वस्थ होऊन पनवेलच्या आमच्या माजघरात जाते.

त्या सकाळी आई जन्मात पहिल्यांदा पाचवारी नेसत होती; ट्रंकेतून काढलेल्या त्या लुगड्याला हाच वास होता. वडील जाऊन वर्ष झाले होते. शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिला बोलावणे आले होते, आणि तिथे नऊवारीतली बाई चालणार नाही, असे कुणीतरी तिच्या मनात भरवले होते. खळीने कडक झालेल्या निऱ्या ती खोची आणि त्या घसरत. मोटार सुटायची वेळ होत आली होती.

जासईची मीठवाली दारात टोपली टेकून हसली.

“वैनी, आतून परकर नाय? डाक्तरीणबाई नेसतात, मी बगलंय.”

नऊवारीला परकर कधी लागलाच नव्हता. आईची नजर माझ्याकडे वळली.

“सुमे, तुझ्या परकराची नाडी काढ.”

“मग माझा परकर?”

“धरून उभी राहा.”

नाडी तिच्या कमरेला जेमतेम पुरली. तिच्यात खोचल्यावर निऱ्या बसल्या.

“आता काय बी सुटायचं नाय. जावा बिनघोर,” मीठवाली म्हणाली.

मी ओट्यावर रुसून उभी होते. मला माझीच लाज मोठी वाटत होती. ती जागा मिळाली नसती तर आम्हाला मामाच्या दारी आश्रित म्हणून राहावे लागले असते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

वळणावर आईने थांबून हात हलवला. माझ्या दोन्ही मुठींत परकर होता. मला हात हलवता आला नाही.